उमेदवाराची पारख आणि मुळशीचे डोंगरपाणी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पौड येथे दिलेले व्याख्यान)



कार्यवाहांनी आम्हांस सुचविलेला विषय 'निवडणूक आणि आपला समाज' असा होता. विषय विस्तृत आहे आणि त्यावर बोलण्यास आमच्याहून अधिकारी पुरुष याच सभागृहात बसलेले आहेत. म्हणून आम्ही त्याचा एकच कोपरा उचलला आहे. मत मागावयास येणाऱ्या गृहस्थाने आपल्या तालुक्यातील डोंगर, पाणी, जमीन आणि हवा यांसंबंधी आजवर काय केले, पुढे काय करू म्हणतो, आणि त्याच्या बोलण्याची परीक्षा आपण कशी घ्यावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपली संस्था घटनेप्रमाणे राजकारणापासून अलिप्त आहे. हे कागदावरचे झाले. प्रत्यक्षात मतदानाच्या आधी आठ दिवस आपल्या बैठकीत 'समाजाचा पाठिंबा' नावाची एक वस्तू तयार होते आणि ती शाल-श्रीफळासह कोणाच्या तरी हाती दिली जाते. ती देताना आपण काय पाहतो? उमेदवार आपल्यापैकी आहे काय, त्याने सभागृहाच्या बांधकामास निधी दिला काय, आणि तो आपल्या लग्नाकार्यास व दशक्रियेस येतो काय. या गोष्टी वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. दुःखाच्या प्रसंगी दारात येऊन बसणारा मनुष्य कोणास नको असतो? परंतु या साऱ्या परीक्षेत मुळा नदी कोठे येत नाही, ताम्हिणीचा डोंगर येत नाही, आणि ज्या खाचरांवर आपल्या आजोबा-पणजोबांची पोटे भरली त्या खाचरांचेही नाव निघत नाही.

वस्तुतः आपल्या तालुक्यात तरी डोंगरपाण्याचा प्रश्न हाच पोटापाण्याचा प्रश्न आहे. पश्चिमेस सह्याद्रीची धार आणि तिच्यावर कोसळणारा पाऊस. मध्ये आंबेमोहोराची खाचरे. पूर्वेस हिंजवडीच्या काचेच्या इमारती. टेमघरचे धरण आपल्याच तालुक्यात मुठेवर बांधलेले आहे आणि त्याचे पाणी पुण्याच्या नळाला जाते. मुळेवरच्या मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरते आणि कुंडलिकेला मिळते. पूर्वेकडे वाहण्याचा ज्या नदीचा धर्म, तिचे पाणी पश्चिमेस वळविलेले आहे. अशा मुलखात वर एक टेकडी फोडली की तिचा मुरूम खाली कोणाच्या तरी भातात उतरतो. वर एक ओढा बुजविला की खाली कोणाच्या तरी घरात पाणी शिरते. २०२५ च्या जून महिन्यात पहिल्याच मोठ्या पावसांत हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा पाणी आले कोठून याचे नवल वाटणारे पुष्कळ भेटले. पूर्वी ओढे कोठून वाहत होते हे तेथील कोणत्याही वृद्ध शेतकऱ्याने त्यांना सांगितले असते.

पुढाऱ्यांची पारख करण्याचा प्रसंग मुळशीवर पहिल्यांदाच आला आहे असेही नाही. शंभर वर्षांपूर्वी तो येऊन गेला. टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीसाठी मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाशी धरण बांधावयाचे ठरले, आणि सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे बळ त्या खाजगी कंपनीच्या मागे उभे केले. पन्नासावर गावांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे यांनी लढ्याची संघटना केली आणि पुढे त्याचा इतिहासही लिहिला. महात्मा गांधींनी 'यंग इंडिया'त या प्रश्नावर लिहिले. तथापि १९२४ पर्यंत लढा मावळला, १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले, आणि गावे पाण्याखाली गेली.

हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. शाळेत आम्ही तो पुष्कळ मुलांना सांगितला आहे. परंतु त्यातील एक भाग सभांतून फारसा सांगितला जात नाही. तेथील बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या, आणि कसणारा मावळा नुसता कूळ होता. मोबदल्याचा प्रश्न पुढे येताच अनेक मालकांचे लक्ष जमिनीवरून रकमेकडे वळले. कुळाला रक्कम मिळणार नव्हती आणि जमीनही राहणार नव्हती. सत्याग्रहाच्या बाजूने पुण्यात भाषणे करणारे पुष्कळ होते. मोबदल्याचा दर निघाल्यावरही कुळाच्या बाजूस राहिलेले थोडे होते. बापट व भुस्कुटे त्या थोड्यांपैकी. पुढाऱ्यास मोजावयाचे माप आमच्या मते येथे सापडते. रक्कम जाहीर झाल्यानंतर तो कोणाच्या शेजारी उभा होता, हे पाहावे.

आता सांप्रतचा विचार करू. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर मुळशी तालुका भोर विधानसभा मतदारसंघात गेला. २००९, २०१४ आणि २०१९ अशा तीन निवडणुकांत काँग्रेसचे संग्राम थोपटे निवडून आले; २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे शंकर मांडेकर विजयी झाले. या दोघांपैकी कोणाला किती गुण द्यावयाचे हे सांगण्यास आम्ही येथे उभे नाही, आणि या व्यासपीठावरून ते सांगणे उचितही नव्हे. परंतु जो पंधरा वर्षे आमदार होता त्याच्यामागे विधानसभेच्या पंधरा वर्षांच्या कामकाजाचे छापील कागद आहेत, आणि जो २०२४ मध्ये निवडून आला त्याचीही वही त्या दिवसापासून उघडलेली आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरील भाषणे, सारे नोंदलेले असते. 'आमच्या साहेबांनी खूप केले' किंवा 'त्यांनी काहीच केले नाही' ही दोन्ही वाक्ये ते कागद न वाचता उच्चारली जातात. सदतीस वर्षे उत्तरपत्रिका तपासण्याचे काम आम्ही केले. मुलगा कोणाचा हे पाहून कोणी गुण दिल्याचे कळले तर पालक शाळेवर चालून येत. तेच पालक मतदानाच्या दिवशी मुलगा कोणाचा हेच आधी विचारतात.

कामाचा पुरावा म्हणून वृक्षारोपणाची छायाचित्रे पुढे केली जातात. ती पाहून हुरळून जाऊ नये. २०१९ साली राज्य शासनाने तेहतीस कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला होता. २०२१ मध्ये त्या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्याची पाळी आली. रोप लावल्याचे छायाचित्र निघते, ते तिसऱ्या उन्हाळ्यात जगले काय याचे निघत नाही.

त्यापेक्षा शपथपत्र वाचावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवारास आपली मालमत्ता व आपल्यावरील खटले शपथेवर सांगावे लागतात. हे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. त्यात शेतजमीन, बिगरशेती जमीन आणि इमारती यांचे गाव, गट क्रमांक व क्षेत्र लिहिलेले असते. स्वतःचे, पत्नीचे वा पतीचे आणि अवलंबितांचेही. आपण मंडळी त्यातील एकूण रक्कम तेवढी वाचतो आणि तोंडात बोट घालतो. वाचावयाचे ते गावांची नावे. ज्याची जमीन डोंगरउतारावर, नव्या रस्त्याच्या आखणीत किंवा धरणाच्या काठावर आहे, तो त्या डोंगराविषयी व त्या रस्त्याविषयी काय बोलतो हे त्या कागदाशी ताडून पाहावे. जमीन असणे हा गुन्हा नव्हे. परंतु न्यायाधीशाला स्वतःच्या भावकीचा खटला चालवू देत नाहीत.

पक्षाच्या चिन्हावरून या विषयात काही कळेल अशीही आशा नको. लवासाचे उदाहरण आपल्या उशाशीच आहे. मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या काठी हे नगर उभे राहिले. गिरिस्थानांच्या विकासाचे नियम निघाले १९९६ साली. तेव्हा राज्यात शिवसेना-भाजप युतीचे शासन होते. त्या नियमांखाली मोसे खोऱ्यातील गावे २००१ साली गिरिस्थान म्हणून घोषित झाली, तेव्हा काँग्रेस व राष्ट्रवादीचे शासन होते. २००८ साली कंपनीलाच तेथील विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. म्हणजे बांधणारा तोच बांधकामास परवानगी देणारा झाला. २५ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने, जयराम रमेश मंत्री असताना, पर्यावरणविषयक परवानगी न घेता काम केल्याबद्दल कंपनीस नोटीस काढली. केंद्रात तेव्हा काँग्रेसचेच नेतृत्व होते. वर्षभराने, २०११ च्या नोव्हेंबरात, सुमारे दोन हजार हेक्टरांच्या पहिल्या टप्प्यास त्याच मंत्रालयाने अटींसह मान्यता दिली. २०१७ साली नियोजनाचा अधिकार काढून घेण्यात आला, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकल्पाविरुद्धची जनहित याचिका निकाली काढताना ती फार उशिरा आल्याचे कारण दिले.

या मालिकेत कोणता पक्ष शुद्ध आणि कोणता अशुद्ध हे ज्याला सांगता येईल त्याने पुढे यावे. आम्हांस मात्र त्या 'उशिरा' या शब्दाने फार त्रास होतो. १९९६ मध्ये नियम निघाले तेव्हा, २००१ मध्ये गावांची नावे जाहीर झाली तेव्हा, २००८ मध्ये प्राधिकरण दिले गेले तेव्हा, असे तीन वेळा वेळेवर बोलण्याचे प्रसंग होते. त्या काळात जे ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत किंवा विधानसभेत होते आणि आजही मत मागत आहेत, त्यांना एवढाच प्रश्न विचारावा : त्या वर्षी आपण कोठे होता आणि काय म्हणालात? डोंगर फोडून झाल्यावर हळहळणारे पुष्कळ असतात.

आता जो विषय आपल्या तालुक्यात सर्वांत अधिक बोलला गेला आणि सर्वांत कमी वाचला गेला त्याकडे वळतो. पश्चिम घाटाच्या रक्षणासाठी डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समिती २०१० साली नेमली गेली. तिने २०११ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. तो राज्यांना मानवला नाही, म्हणून डॉ. कस्तुरीरंगन यांचा कार्यगट नेमला गेला. त्याचा अहवाल २०१३ च्या एप्रिलमध्ये आला. त्यानंतर केंद्र सरकारने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा २०१४ च्या मार्चमध्ये काढला, आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजी. सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर, आणि त्यात आपल्या मुळशीची गावे.

ही यादी निघाली तेव्हा गावोगाव काय सांगितले गेले ते आठवावे. घराची कौले बदलता येणार नाहीत, बांधावरचे झाड तोडता येणार नाही, जमीन विकता येणार नाही, मुलांना गाव सोडावे लागेल. हे सांगणाऱ्यांत साऱ्याच पक्षांचे लोक होते. मसुद्यात काय आहे? खाणकाम, दगडखाणी व वाळूउपसा यांस बंदी. नवे औष्णिक वीज प्रकल्प आणि 'लाल' वर्गातील अतिप्रदूषक नवे कारखाने यांस बंदी. वीस हजार चौरस मीटरांहून मोठ्या नव्या इमारती आणि पन्नास हेक्टरांहून मोठ्या नव्या नगरवसाहती यांस बंदी. राहत्या घराच्या दुरुस्तीस, वाढीस किंवा नूतनीकरणास मनाई नाही, आणि जमिनीची मालकी बदलण्यासही नाही, हे पुढील मसुद्यांत स्पष्ट लिहिलेले आहे. आता सांगा, वीस हजार चौरस मीटरांची इमारत आपल्यापैकी कोण बांधणार आहे? दगडखाण कोणाची आहे? ज्याला खरी अडचण होती त्याने आपल्या कौलांचे नाव पुढे केले आणि आपण आपली अडचण समजून सह्या केल्या.

या मसुद्यास विरोध करणे गैर आहे, असे कोणी आमच्या बोलण्याचा अर्थ करू नये. गावाला न विचारता दिल्लीहून रेषा ओढली जाते ही तक्रार न्याय्य आहे. ग्रामसभेस विचारून ठरवा असे खुद्द गाडगीळांच्या अहवालातही सांगितलेले होते, आणि अहवालास शिव्या देणाऱ्यांनी नेमके तेच पान वाचले नव्हते. विरोध खुशाल करावा. पण मसुद्यात जे आहे त्यास करावा, आणि जे नाही त्याची भीती घालू नये. म्हणून उमेदवारास येथे दोन प्रश्न विचारावेत. आपण हा मसुदा वाचला आहे काय, आणि त्यातील कोणत्या कलमास आपला आक्षेप आहे? ज्याला कलम सांगता येत नाही त्याने तो विषय व्यासपीठावर आणू नये.

डोंगराची ही काळजी केवळ पुस्तकी नाही. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळातील वायनाडमध्ये त्याहून भयंकर प्रकार झाला. सहावा मसुदा निघाला तो दुसऱ्या दिवशी. तारखांचा हा योग आम्हांस पंचांगातील कोणत्याही योगापेक्षा अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

आता उमेदवार पुढे काय करू म्हणतात ते पाहू. पाण्याचे वचन हे आपल्याकडील सर्वांत लोकप्रिय वचन. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण जणू मुळशी खोऱ्यासाठीच झाली आहे. टाटांच्या धरणाचे पाणी पुन्हा पूर्वेस आणू, असे अनेकांनी अनेकदा सांगितले आहे. ऐकावयास ते गोड लागते. परंतु पाणी पूर्वेस वळले तर भिऱ्याची वीज तितकी कमी होणार, आणि शंभर वर्षे त्या पाण्यावर वाढलेल्या कुंडलिकेच्या काठच्या रोहे परिसरालाही त्याची झळ लागणार. हे अशक्य आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याने हे वचन दिले त्याने विजेची तूट कशी भरणार आणि खालच्या लोकांचे काय, हे सांगितले पाहिजे. आणि तिसरा प्रश्न आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा : ती जलवाहिनी माले, शेरे, कोळवण येथे थांबणार की थेट पुण्यात व हिंजवडीत जाणार? टेमघरच्या भिंतीतून २०१६ साली गळती उघडकीस आली, गुन्हे दाखल झाले, दुरुस्ती झाली. ती सारी धावपळ पुण्याच्या पाण्यासाठी होती. धरणाखालच्या गावांच्या जिवासाठी कोणी काय विचारले, तेही त्या कामकाजाच्या छापील कागदांत शोधावे.

रोजगाराच्या वचनासंबंधी थोडक्यात सांगतो, कारण येथे अधिक बोलवत नाही. ७ जून २०२१ रोजी आपल्या तालुक्यातील उरवडे येथे एका रासायनिक कारखान्यास आग लागली आणि सतरा कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील पंधरा स्त्रिया होत्या. गावोगावच्या घरांतून त्या कामास गेल्या होत्या. जो उमेदवार पिरंगुटच्या परिसरात आणखी कारखाने आणू म्हणतो, त्याला कारखान्यांच्या तपासणीचे काय, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र गावाला वाचावयास मिळणार काय, आणि जनसुनावणी होईल तेव्हा तुम्ही स्वतः येऊन बसणार काय, हे विचारणे म्हणजे विकासाला विरोध करणे नव्हे.

येथवर सर्वांनी माना डोलावल्या. आता जे बोलणार आहोत त्यावर कदाचित डोलावणार नाहीत. उमेदवार आपल्या मागण्या ओळखून असतो. आपल्यापैकी किती कुटुंबांनी गेल्या तीस वर्षांत सातबारा घेऊन दलालाची पायरी चढली? भूगाव, भुकूम, लवळे, सूस या बाजूस कोणत्या टेकडीचा कोणता उतार कोणी कोणाला दिला, हे आपल्या भावकीत सर्वांना ठाऊक आहे. मुलीचे लग्न, आजारपण, मुलाचे शिक्षण, कारणे खरी होती. काही ठिकाणी नुसती मोटारगाडीही होती. उमेदवारापाशी गेल्यावर आपण मागतो ते डोंगराचे रक्षण नसते. आपल्या गटाचे क्षेत्र हरित पट्ट्यातून निवासी पट्ट्यात घालून द्या, असे मागतो. मग निवडून आल्यावर त्याने डोंगर राखावा ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? 'आपला माणूस' निवडून दिला म्हणजे तो आपले काम करील, हे आपले सूत्र खरेच आहे. तो तेच काम करतो. २०२४ मध्ये 'आपल्या तालुक्याचा आमदार' हा शब्द आपण पुष्कळ ऐकला, आपल्या ज्ञातीचा आमदार हा शब्द तर दर वेळी ऐकतो. तालुक्याचा असो वा ज्ञातीचा, वरील प्रश्नांतून त्याला सवलत देऊ नये. किंबहुना आपल्या माणसास अधिक कठोर प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. परका रागावून उठून जाईल, आपला उठून जाऊ शकत नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, एवढे विचारीत बसलो तर उमेदवार आपल्याकडे येणेच बंद करील, आणि सभागृहाची फरशी तशीच राहील. राहू द्यावी. आपल्या वाडवडिलांचे मेळावे शेणाने सारवलेल्या अंगणात झाले.

कार्यकारी मंडळापुढे आमची सूचना अशी आहे. पुढील निवडणुकीचे अर्ज भरले जातील तेव्हा सर्व उमेदवारांच्या शपथपत्रांच्या छापील प्रती या सभागृहाच्या फलकावर लावाव्यात, आपल्या ज्ञातीच्या उमेदवाराची सर्वांत वर. पाठिंब्याची बैठक त्यानंतर चार दिवसांनी ठेवावी, आधी नको. त्या बैठकीस जो उमेदवार येईल त्याला प्रश्न विचारण्यासाठी तालुक्याच्या प्रत्येक खोऱ्यातून एक अशी माणसे आधीच नेमावीत, आणि त्यांत निदान निम्म्या भगिनी असाव्यात. पाणी त्या भरतात. उत्तरे लिहून घेऊन पुढील वर्षीच्या या अंकात उमेदवाराच्या नावासह छापावीत. लिहून घेण्याचे काम करण्यास आम्ही तयार आहोत. ज्या तरुणांना शपथपत्रे काढून देता येतील त्यांनी भोजनापूर्वी कार्यवाहांकडे आपली नावे द्यावीत.